कॉर्नेलिया सोराबजी : अर्ज, ओळख आणि वकिलीची सनद

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• कॉर्नेलिया सोराबजी यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• कायद्याच्या शिक्षणासाठी व व्यवसायासाठी त्यांनी स्वतःची बाजू कशी मांडली, हे स्पष्ट करता येईल.
• गरजेच्या आधारावर केलेली मागणी आणि हक्काच्या आधारावर केलेली मागणी यांतील फरक उदाहरणांसह मांडता येईल.
• चरित्रलेखनात व्यक्तीचे यश आणि तिच्या मर्यादा यांचा एकत्र विचार कसा करावा, हे समजेल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीत आपण 'अर्ज करणे' असा शब्दप्रयोग नेहमी करतो. 'अर्ज' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. पुढे ठेवणे, सादर करणे हा त्याचा मूळ अर्थ. अर्ज म्हणजे केवळ मागणी नव्हे. आपण कोण आहोत, काय शिकलो आहोत आणि पुढे काय करू इच्छितो, हे दुसऱ्यासमोर ठेवणे. अर्जदाराला स्वतःविषयी सर्व काही सांगता येत नाही. काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे आणि कशावर भर द्यायचा, याची निवड त्याला करावी लागते. त्या निवडीचा परिणाम पुष्कळदा अर्जाच्या निकालापुरता मर्यादित राहत नाही, तो पुढच्या आयुष्यावरही होतो.

या घटकात आपण कॉर्नेलिया सोराबजी यांचे चरित्र पाहणार आहोत. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या या विदुषीने १८८९ मध्ये ऑक्सफर्डची वाट धरली. वकील म्हणून नोंद होण्यासाठी मात्र त्यांना १९२१ पर्यंत थांबावे लागले. या ३२ वर्षांत त्यांनी विद्यापीठ, शासन आणि न्यायालय यांच्यापुढे पुन्हा पुन्हा स्वतःला सादर केले. आपण या चरित्राकडे त्या अर्जांच्या अंगाने पाहू.

२. नाशिक ते डेक्कन कॉलेज

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरसेदजी हे जन्माने पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते मिशनचे कार्य करू लागले. आई फ्रान्सिना यांचा सांभाळ एका इंग्रज कुटुंबाने केला होता. त्यांनी पुण्यात शाळा काढली आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. कुटुंबाचे वास्तव्य काही काळ बेळगावला व नंतर पुण्याला होते. घरात अनेक बहिणी, आणि मुलींनी शिकून समाजाच्या उपयोगी पडले पाहिजे, अशी आईवडिलांची शिकवण. कॉर्नेलिया यांच्या भगिनी सुसी सोराबजी यांनी पुण्यात स्थापन केलेली सेंट हेलेनाज ही शाळा आजही चालू आहे.

आईकडे अडचणीत सापडलेल्या स्त्रिया सल्ल्यासाठी येत. संपत्ती असूनही ती आपल्या हाती राहत नाही, कारभारी हिशेब देत नाही आणि पुरुष वकिलाकडे जाण्याची सोय नाही, अशी त्यांची गाऱ्हाणी असत. आपण वकील व्हावे, हा विचार कॉर्नेलिया यांच्या मनात लहानपणीच रुजला, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षांची वाट स्त्रियांना सहज मोकळी नव्हती. ती मोकळी व्हावी, यासाठी विद्यापीठाचे मन वळवण्यात सोराबजी खरसेदजी यांचा महत्त्वाचा वाटा होता. कॉर्नेलिया यांना पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश मिळाला आणि १८८८ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या.

३. नाकारलेली शिष्यवृत्ती

पदवी परीक्षेतील यशामुळे इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी असलेल्या सरकारी शिष्यवृत्तीवर कॉर्नेलिया यांचा अधिकार पोहोचत होता. परंतु ती त्यांना नाकारण्यात आली. गुणवत्तेविषयी शंका नव्हती. त्या स्त्री आहेत, एवढेच कारण होते. नियम करणाऱ्यांनी एखादी स्त्री या स्थानापर्यंत येईल, अशी कल्पनाच केलेली नव्हती.

येथे कॉर्नेलिया यांच्यापुढे दोन मार्ग होते. नियमातील अन्यायाविरुद्ध लढत राहणे हा एक. दुसरा मार्ग म्हणजे नियम आहे तसा राहू देऊन आपल्यापुरती वेगळी व्यवस्था शोधणे. त्यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी काही काळ इंग्रजीचे अध्यापन केले. एका तरुण स्त्रीने महाविद्यालयातील पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणे, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. दरम्यान इंग्लंडमधील हितचिंतकांनी त्यांच्यासाठी प्रयत्न सुरू केले. मेरी हॉबहाउस यांनी लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात पत्र लिहून मदतीचे आवाहन केले. मदत करणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल, ॲडलेड मॅनिंग आणि सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारखी नामवंत मंडळी होती.

ही मदत कोणत्या आधारावर मिळाली, हे ध्यानात घ्या. सरकारी शिष्यवृत्ती हा गुणवत्तेने मिळवलेला अधिकार होता. वर्गणीतून उभा राहिलेला निधी म्हणजे सहृदय व्यक्तींचे औदार्य होते. पहिल्यात केवळ निकालपत्र दाखवले की पुरे. दुसऱ्यात दात्यांना आपल्याविषयी आस्था वाटावी लागते. कॉर्नेलिया इंग्लंडमध्ये साडी नेसत आणि आपले पारशी मूळ आवर्जून सांगत. घरात इंग्रजी वळणाचे संस्कार झालेली ही ख्रिस्ती तरुणी तेथे पूर्वेकडील स्त्रियांची प्रतिनिधी म्हणून पाहिली गेली. ही प्रतिमा खोटी नव्हती, पण अपुरी होती. तिचा त्यांना उपयोग झाला आणि पुढे तिचे बंधनही झाले.

४. ऑक्सफर्डमधील परीक्षा

१८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. त्यांना कायदा शिकायचा होता. पण स्त्रीने कायदा शिकावा, यासाठी तेथेही तयार वाट नव्हती. बेलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी त्यांची बाजू उचलून धरली. सर विल्यम अँसन यांच्यामुळे ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी त्यांना मिळाली. कायद्याच्या ग्रंथांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या ग्रंथालयात स्त्रीला अशी मुभा मिळणे ही नवी गोष्ट होती.

१८९२ मध्ये त्यांनी बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ ही परीक्षा देण्याचे ठरवले. ही परीक्षा त्या विद्यापीठातील कठीण परीक्षांपैकी एक मानली जात असे आणि त्यापूर्वी एकाही स्त्रीने ती दिलेली नव्हती. त्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. कॉर्नेलिया परीक्षेला बसल्या व तिसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण झाल्या. श्रेणी मनासारखी नव्हती. शिवाय परीक्षा उत्तीर्ण झाल्या तरी पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नसे. तो निर्बंध १९२० मध्ये उठला आणि १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर ३० वर्षांनी, कॉर्नेलिया यांना पदवी मिळाली.

खास ठराव हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ठराव एका व्यक्तीसाठी होता. कॉर्नेलिया परीक्षेला बसल्या, म्हणून स्त्रियांसाठी ती परीक्षा कायमची खुली झाली, असे घडले नाही. त्यांच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा दिसते. दार त्यांच्यापुरते किलकिले होई आणि त्या आत गेल्यावर पुन्हा लोटले जाई.

५. कामाची गरज आणि सनदेची मागणी

परीक्षेनंतर कॉर्नेलिया यांनी लंडनमधील ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटरांच्या पेढीत कामाचा अनुभव घेतला आणि मग त्या भारतात परतल्या. शिक्षण पूर्ण होते, अनुभव होता. नव्हती ती वकिलीची सनद. सनदेवाचून न्यायालयात अशिलाच्या वतीने हक्काने उभे राहता येत नाही. त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा दिली आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा उत्तीर्ण केली. तरीही वकील म्हणून त्यांची नोंद झाली नाही.

प्रत्येक वेळी आणखी एक पात्रता मिळवायची, हा त्यांचा प्रयत्न होता. परंतु अडचण पात्रतेची नव्हतीच. अशा प्रसंगी अर्जदाराने नवे प्रमाणपत्र जोडून भागत नाही. मागणीची मांडणीच बदलावी लागते. कॉर्नेलिया यांनी ती बदलली. आपण कोण आहोत, यावरचा भर कमी करून कोणाला आपली गरज आहे, यावर त्यांनी भर दिला.

ही मांडणी समजण्यासाठी त्या काळातील गोषाची पद्धत लक्षात घ्यावी लागेल. उत्तर व पूर्व भारतातील अनेक जमीनदार घराण्यांतील स्त्रिया पडदानशीन होत्या. पतीच्या मृत्यूनंतर काही जणींच्या नावे मोठ्या इस्टेटी येत. पण परपुरुषाशी बोलणे वर्ज्य असल्याने त्यांना वकिलाला भेटता येत नसे. कारभारी सांगेल ते खरे मानायचे आणि तो पुढे करील त्या कागदावर निशाणी करायची, अशी त्यांची स्थिती असे. कायद्याने दिलेला अधिकार प्रत्यक्षात वापरण्याची सोय त्यांना नव्हती. ही सोय केवळ स्त्री वकीलच करू शकेल, असा कॉर्नेलिया यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद अगदी नवा नव्हता. स्त्री-रुग्ण पुरुष डॉक्टरांपुढे येत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हे वैद्यकाच्या क्षेत्रात मान्य होऊ लागले होते. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी मिळवली होती आणि स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने निधीही स्थापन झाला होता. कॉर्नेलिया यांनी तोच विचार कायद्याला लावला. काही संस्थानांत त्यांना स्त्रियांची बाजू मांडण्याची परवानगी मिळत असे. पण तीही पुन्हा मुभा होती, सनद नव्हती.

१९०२ पासून त्यांनी लंडनमधील इंडिया ऑफिसकडे पाठपुरावा सुरू केला. स्त्रिया व अज्ञान वारस यांच्या हितासाठी शासनाने स्त्री कायदे-सल्लागार नेमावी, अशी त्यांची मागणी होती. अखेर १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली.

६. कोर्ट ऑफ वॉर्ड्समधील कार्य

कोर्ट ऑफ वॉर्ड्स ही नावाने कोर्ट असली, तरी न्यायनिवाडा करणारी संस्था नव्हती. अज्ञान वारस किंवा इस्टेट सांभाळण्यास असमर्थ मानले गेलेले मालक यांच्या मालमत्तेची व्यवस्था शासन या संस्थेमार्फत पाहत असे. कॉर्नेलिया यांचे काम म्हणजे या घराण्यांतील स्त्रियांना जनानखान्यात जाऊन भेटणे, त्यांच्या अडचणी ऐकणे, कागदपत्रे समजावून सांगणे, मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देणे आणि अधिकाऱ्यांपर्यंत त्यांचे म्हणणे पोहोचवणे. बंगालबरोबरच बिहार, ओरिसा आणि आसाम या प्रदेशांतही त्यांचा प्रवास होई. सुमारे २० वर्षांच्या काळात त्यांनी ६०० हून अधिक स्त्रिया व अनाथ मुले यांना साहाय्य केले, असे सांगितले जाते. १९०९ मध्ये शासनाने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

या अनुभवांतून त्यांनी लेखनही केले. बिटवीन द ट्वायलाइट्स हे पुस्तक १९०८ मध्ये आणि इंडिया कॉलिंग हे आत्मचरित्र १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांना कोणी पाहिलेले नव्हते, त्यांचे जग या लेखनामुळे वाचकांपुढे आले.

७. 'व्यक्ती' या शब्दाचा वाद

याच काळात दुसऱ्या काही स्त्रिया वेगळ्या आधारावर सनद मागत होत्या. कायद्याची पदवी घेतलेल्या रेजिना गुहा यांनी प्लीडर म्हणून नोंद व्हावी, यासाठी अर्ज केला. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फेटाळला. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज पाटणा उच्च न्यायालयाने अमान्य केला.

या प्रकरणांतील वाद भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. १८७९ च्या विधि-व्यवसायी कायद्यात पात्र 'व्यक्ती' असा उल्लेख होता, मात्र तिच्यासाठी सर्वनाम पुल्लिंगी वापरलेले होते. पुल्लिंगी शब्दात स्त्रीचाही समावेश समजावा, असा सर्वसाधारण नियम दुसऱ्या कायद्यात स्पष्ट दिलेला होता. अर्जदारांचे म्हणणे त्यावर आधारलेले होते. न्यायालयांनी मात्र शब्दांपेक्षा परंपरेला अधिक वजन दिले. स्त्रियांनी वकिली करावी, असे कायदा करणाऱ्यांच्या मनात नव्हते, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

मराठीत 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. पुरुषाविषयी बोलतानाही आपण 'ती व्यक्ती' असेच म्हणतो आणि त्यामुळे तो पुरुष त्या शब्दातून वगळला जात नाही. व्याकरणातील लिंग आणि माणसाचे लिंग या भिन्न गोष्टी आहेत, हे प्रत्येक मराठी भाषक नकळत जाणतो. तरीही एका सर्वनामाच्या आडोशाने शिकलेल्या स्त्रियांना अनेक वर्षे बाहेर ठेवता आले. कायद्यातील शब्दाचा अर्थ कोशात ठरत नाही. तो लावणाऱ्याच्या दृष्टीवरही अवलंबून असतो, हे यातून दिसते.

८. सनद मिळाल्यानंतर

१९१९ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्रियांवरील व्यावसायिक निर्बंध दूर करणारा कायदा झाला. १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया यांची वकील म्हणून नोंद केली. त्या वेळी त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. त्यानंतर लंडनच्या लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टरही झाल्या. १९२३ च्या कायद्याने भारतातील स्त्रियांना वकिलीचा अधिकार निःसंदिग्धपणे मिळाला. कॉर्नेलिया यांनी कलकत्त्याला व्यवसाय सुरू केला, पण तेथील पूर्वग्रह कायद्याने संपले नव्हते. त्यांच्या वाट्याला न्यायालयातील युक्तिवादापेक्षा लेखी सल्ला देण्याचेच काम अधिक आले. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला स्थायिक झाल्या. ६ जुलै १९५४ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले.

त्यांच्या चरित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या ब्रिटिश राजवटीच्या समर्थक होत्या आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. कॅथरिन मेयो यांच्या १९२७ मधील मदर इंडिया या पुस्तकाला त्यांनी अनुकूलता दाखवली, तेव्हा भारतात त्यांच्यावर तीव्र टीका झाली आणि अनेक सहकारी दुरावले. ज्या सत्ताधाऱ्यांच्या सद्भावनेवर त्यांचे शिक्षण व कार्य उभे राहिले, त्या सत्तेकडे परक्या नजरेने पाहणे त्यांना जमले नाही. औदार्यावर मिळालेली संधी माणसाला औदार्य दाखवणाऱ्याशी बांधून ठेवते, असे त्यांच्या आयुष्याकडे पाहताना वाटते.

९. मूल्यमापन

कॉर्नेलिया यांची मागणी गरजेवर आधारलेली होती. रेजिना गुहा आणि सुधांशुबाला हाजरा यांची हक्कावर. पहिल्या मागणीमुळे शेकडो स्त्रियांना त्यांच्या हयातीतच मदत मिळाली. १९०४ मध्ये एखाद्या विधवेच्या इस्टेटीचा प्रश्न उभा असताना तिला १९२३ च्या कायद्याची वाट पाहायला सांगता आले नसते. मात्र गरजेवर मिळालेली नेमणूक एकट्या कॉर्नेलिया यांची राहिली. हक्काची मागणी करणाऱ्यांच्या हाती त्या वेळी काहीच लागले नाही, परंतु मूळ प्रश्न त्यांनी उघडपणे न्यायालयापुढे ठेवला आणि कायदा बदलल्याशिवाय तो सुटणार नाही, हे स्पष्ट झाले. पुढे जो बदल झाला, तो सर्वांसाठी झाला. एकीला थोर आणि दुसरीला अयशस्वी ठरवण्याऐवजी दोन्ही मागण्यांचे मोल आणि त्यांची किंमत समजून घेणे, हे चरित्राच्या अभ्यासकाचे काम आहे.

आपल्यापैकी काही जणांच्या मनात पदवीनंतर विधी महाविद्यालयात जाण्याचा विचार असेल. प्रवेश परीक्षेचे गुण महत्त्वाचे असतातच. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलाखत किंवा नोकरी येथे आपल्याला स्वतःविषयी लिहावे व बोलावे लागते. नोकरी किंवा घर सांभाळून शिकलेल्या विद्यार्थ्याला अशा वेळी दोन मोह होतात. एक, आपल्या कष्टांची कहाणी सांगून सहानुभूती मिळवण्याचा. दुसरा, मधली वर्षे जणू नव्हतीच, असे दाखवण्याचा. कॉर्नेलिया यांच्या मागणीतील सर्वांत सबळ भाग कोणता होता, हे आठवा. त्यांना एक विशिष्ट काम दिसले होते, ते का अडले आहे हे ठाऊक होते आणि ते करण्याची तयारी त्यांनी केली होती. आपणही तलाठी कार्यालयात, बँकेत, शाळेत, शेतात किंवा घरात कायद्याशी संबंधित अनेक अडचणी जवळून पाहिलेल्या असतात. त्या नेमकेपणाने सांगता आल्या, तर मधली वर्षे अर्जातील उणीव ठरत नाहीत. मात्र जे आपल्या हक्काचे आहे, ते उपकार म्हणून मागू नये. प्रवेशाचे निकष आपण पूर्ण करत असू, तर तसे सरळ लिहावे.

१०. सारांश

कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर आणि ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री होत. पात्रता असूनही त्यांना सनदेसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागली. पडदानशीन स्त्रियांच्या गरजेचा आधार घेऊन त्यांनी कार्याची वाट काढली. त्यांना मिळालेल्या बहुतेक संधी अपवाद म्हणून मिळाल्या. तो अपवाद सर्वांचा हक्क होण्यासाठी कायद्यात बदल व्हावा लागला.

११. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. सरकारी शिष्यवृत्ती आणि वर्गणीतून मिळालेली मदत यांतील फरक कॉर्नेलिया सोराबजी यांच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. पडदानशीन स्त्रियांना स्त्री वकिलाची गरज का होती?
३. 'व्यक्ती' या शब्दाविषयीच्या वादातून कायद्याची भाषा व सामाजिक दृष्टी यांचा कोणता संबंध दिसतो?
४. आपण विधी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करत आहात, असे समजून स्वतःचा परिचय व उद्देश सुमारे २०० शब्दांत लिहा. त्यात गरज कोठे सांगितली आणि हक्क कोठे सांगितला, ते अधोरेखित करा.